न विचारता दिलेला होकार

९ नोव्हेंबर, रविवार

माझी बायको सत्यशीला गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम काल विहारात झाला. दुर्गहून भंतेजी आले. प्लांटच्या वसाहतीतले, आमच्या सेक्टरमधले लोक, माझ्या शिफ्टचे लोक, भंडाऱ्याकडचे नातेवाईक, सगळे आले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माईकसमोर उभा राहिलो आणि "सगळ्यांनी जेवून जा" एवढंच म्हणालो. बायकोबद्दल लोकांसमोर काय बोलायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

ड्युटीवरून आल्यावर दिवसभराचं दोन-चार वाक्यांत तिला सांगायची सवय होती. ती भाजी निवडत ऐकायची. आता ती वाक्यं इथे लिहीन म्हणतो.

कार्यक्रमाआधी एक गोष्ट झाली. सत्यशीलाचे मोठे भाऊ दौलतराव फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले आहेत. ते माझ्या मुलीला, गुंजनला म्हणाले, "बेटा, वर्दी घालून ये ना. समाजाले दिसू दे आपली पोरगी."

"नहीं मामाजी."

"कावून? लाज वाटते काय वर्दीची?"

"वर्दीची नाही वाटत," ती म्हणाली आणि आईची पांढरी साडी नेसायला आत गेली.

मला वाईट वाटलं. दौलतरावांनीच तिला मैदानावर पळवून पळवून भरतीसाठी तयार केलं. मिलिटरी पोलिसात गेली तेव्हा त्यांनी दुर्गमध्ये मिठाई वाटली होती. चार वर्षांची नोकरी, त्यातलं तिसरं चालू आहे. पुढे थोड्याच जणांना पक्कं करतात. अशा वेळी मोठ्या माणसाला असं तोडून बोलू नये.

खरं लिहायचं तर माझाही तिच्यावर थोडा राग आहे. ऑगस्टमध्ये सत्यशीला दवाखान्यात होती, गुंजनचं नाव घेत होती, आणि ही आली नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणाली. मी फोनवर म्हणालो, तुझी नोकरी आता फार मोठी झाली. आता महिनाभराच्या सुट्टीवर आली आहे, पण आता येऊन काय.

१२ नोव्हेंबर

मी ड्युटीवर परत जायला लागलो. घरी आलो तेव्हा गुंजन पॉवर हाऊसच्या बाजारातून कडी घेऊन आली होती, तिच्या खोलीच्या दाराला आतून लावायला.

मी म्हणालो, "आहे ना जुनी."

"बाबा, वो कडी तो मांजर पण उघडेल."

मी स्क्रू धरले, तिने बसवले. हात चांगला चालतो तिचा, माझ्यावर गेला आहे. कडी मात्र फार जाड आणली, कोठाराच्या दाराला शोभेल अशी. मी हसलो, ती हसली नाही. कडी लावून बघितली, खेचून बघितली, पुन्हा लावली.

आई गेल्यावर पोरींना घरात एकटं वाटतं, असं माझी बहीण सिंधुताई म्हणत होती. त्याचंच असेल. फोनही सारखा उलटा ठेवते. वाजला की आधी बघते कोणाचा आहे, मग मागच्या अंगणात जाऊन बोलते.

१५ नोव्हेंबर

दौलतराव रोज सकाळी मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना पळवतात. पैसे घेत नाहीत. आज त्यांनी गुंजनला बोलावलं होतं, पोरींना चार गोष्टी सांगायला. मलाही वाटलं, बरं, घराबाहेर पडेल.

परत आली ती मामासोबत. चहा ठेवला तेव्हा दौलतराव बोलले.

"जवाईबापू, इले मी म्हटलं, सोळाशे मीटर कसं काढायचं ते सांग. हे काय सांगून आली माहीत आहे? म्हणे, कोणत्याही साहेबाने एकटीले बोलावलं तर एकटी जाऊ नका, दोघी जा. म्हणे, काही झालं तर त्याच दिवशी कोणालातरी सांगा. अरे, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी आहेत त्या! घरी जाऊन माय-बापाले सांगतील, उद्यापासून मैदानात कुत्रं येणार नाही."

"सोळाशे मीटर तुमी सांगता ना रोज," गुंजन म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ते कोणी सांगतच नाही ना, मामाजी. मलेही कोणी नव्हतं सांगितलं."

"फौज आहे ती. मी अठ्ठावीस वर्षं काढली."

"तुमी मुलगी नव्हते."

दौलतरावांनी चहा अर्धाच ठेवला. मला वाटतं, तिने पळण्याबद्दलच सांगायला हवं होतं. चांगली पळते ती.

१७ नोव्हेंबर

आज जे कळलं ते लिहिताना बरोबर लिहितो की नाही कोण जाणे.

दौलतराव थेट प्लांटच्या गेटवर भेटायला आले. घरी नको म्हणाले. सिविक सेंटरला एका हॉटेलात बसलो. त्यांनी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग म्हणाले, "गुंजनने आपल्या हवालदाराविरुद्ध तक्रार केली आहे. लैंगिक छळाची. सप्टेंबरमध्ये. समिती बसली आहे. पाच डिसेंबरले बयान आहेत."

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. त्यांचा एक जुना साथी त्या छावणीत आहे. हवालदार त्या साथीच्या ओळखीचा. फोन आला होता.

"हात-बीत धरला असेल," दौलतराव म्हणाले. "मी असं नाही म्हणत की बरोबर केलं. चूक आहे ते. पण ऐका. सुलह होऊ शकते. ते माफी मागून राहिले, लिहून देतील, दुसरीकडे बदली घेतील. समितीच म्हणते ना, बाईची इच्छा असेल तर सुलह करा. अन् इले पक्कं व्हायचं आहे. ही केस चालली तर रिपोर्ट कोण लिहील हिचा चांगला? तीन वर्षांची मेहनत पाण्यात. जवाईबापू, तुमची पोरगी तशी माझीही आहे."

मी म्हणालो, मला काही सुचत नाही.

"तुमाले काही करायचं नाही. फक्त घरचा होकार सांगा. बाकी मी बघतो."

मी म्हणालो, "घेईल ती परत. मी सांगतो तिला."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. सत्यशीला गेल्यापासून कोणीतरी माझ्या डोक्यावरचं एखादं ओझं उतरवलं असं पहिल्यांदाच वाटलं. या घरात आता आणखी काही मोडायला नको.

१८ नोव्हेंबर

तिला सांगायला जमलं नाही. तिने झुणका केला होता. मीठ बरोबर होतं. मी तेवढंच म्हणालो.

हवालदाराबद्दल मनात येतं तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

२० नोव्हेंबर

आज मिलमध्ये लोखंड पुढे सरकवणाऱ्या रोल टेबलच्या मोटरचं काम होतं. शटडाऊन श्यामरावने घेतलं होतं. म्हणजे वीज बंद करून स्विचवर आपलं कुलूप लावायचं आणि आपल्या नावाचा लाल बोर्ड टांगायचा. त्यानंतर तो स्विच कोणी चालू करू शकत नाही. काम संपलं तेव्हा श्यामराव कँटीनला गेला होता. शिफ्टमधला नवा पोरगा नरेश माझ्याकडे आला.

"काका, काम झालं. तुमी सिनिअर आहात, तुमीच सही करून शटडाऊन वापस देऊन द्या. कंट्रोल रूमवाले डोकं खाऊन राहिले."

"ज्याने घेतलं तोच देईल," मी म्हणालो.

"तो जेवून राहिला ना तिकडं."

"मग थांब."

"अवो काका, सगळं दिसून राहिलं, कोणी नाही आतमधी."

"तुला दिसून राहिलं. आत कोण गेलं अन् कोण बाहेर आलं ते त्यालाच माहीत. बोलाव त्याला, विचार. त्याच्या बोर्डाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाप असला तरी नाही."

हे वाक्य मी नव्या पोरांना नेहमी सांगतो. शेवटी हेच असतं, बाप असला तरी नाही, म्हणजे त्यांच्या लक्षात राहतं. आज म्हणालो आणि बोर्डावरचं श्यामरावचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. नरेश विचारत होता, काका, तब्येत बरी नाही काय. मी म्हणालो, बरी आहे. श्यामराव आला, त्याने आत फिरून पाहिलं, आपलं कुलूप काढलं. मी तिथे उभाच राहिलो.

घरी आलो तर गुंजन दारातच होती. तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, तुमी कोणाले काही बोलले काय?"

मी बूटसुद्धा काढले नव्हते. मी सगळं सांगितलं. हॉटेल, सुलह, माझा होकार.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "सीमाचा फोन आला होता." सीमा तिच्याच तुकडीतली, राजस्थानकडची. "पूरी यूनिट में चल रहा है, गुंजनच्या घरचे मान गए. सीमाने बघितलं होतं मला बाहेर येताना. ती बयान देणार होती. आज म्हणाली, तू तो निकल जाएगी, मुझे तो यहीं रहना है. तिने ऑफिसला फोन करून सांगून टाकलं की उसने कुछ नहीं देखा."

मग तिने मला झालेलं सांगितलं. ऑगस्टमध्ये ती सुट्टीचा अर्ज घेऊन गेली होती. अर्ज त्या हवालदाराच्या हातून पुढे जायचा. त्याआधी काही महिने तो मेसेज पाठवत होता, ती उत्तर देत नव्हती. अर्जात चूक आहे, संध्याकाळी स्टोअरमध्ये येऊन दुरुस्त कर, असं त्याने सांगितलं. ती गेली. त्याने दार आतून लावलं. त्यापुढचं तिने दोन वाक्यांत सांगितलं, ती वाक्यं मी इथे लिहिणार नाही. ती त्याला ढकलून बाहेर आली तेव्हा सीमा समोरून येत होती. शर्टाची बटणं तुटलेली तिने पाहिली. अर्ज पुढे गेलाच नाही.

"ऑगस्टमध्ये," मी म्हणालो. "आईसाठी सुट्टी मागायला."

"हां. अन् तुमी म्हणाले, नोकरी मोठी झाली."

मी विचारलं, आईला माहीत होतं?

"त्याच दिवशी सांगितलं. दवाखान्यातून ती घरी आली होती ना, तेव्हा. तिनेच म्हटलं, लिहून दे, घाबरू नको. मी म्हटलं बाबांना सांगू? तर म्हणाली, अभी नको." गुंजन थांबली. मी म्हणालो, पुढे बोल. "म्हणाली, बाबा चांगले आहेत, पण ते आधी तुझ्या मामाले विचारतील."

२१ नोव्हेंबर

चूल पेटली नाही. पाव खाल्ला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सत्यशीलाने मला सांगितलं नाही याचा दोन दिवस विचार केला. ती मला ओळखत होती आणि तिचा अंदाज बरोबर निघाला, यावर रागही धरता येत नाही.

तो दिवस मला आठवतो. ती फोन घेऊन मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी होती. नुकतीच दवाखान्यातून आलेली, बसायला खुर्ची नेली नव्हती. बराच वेळ उभी होती. आत आली तेव्हा भिंतीला धरून आली. "गुंजनले बरं नाही," म्हणाली. मी विचारलं नाही काय झालं. मला वाटलं ताप असेल.

आज सकाळी मी गुंजनला म्हणालो, "समितीत मी येतो. सांगतो की त्या दिवशी फोन माझ्याही कानावर होता. मी पण ऐकलं सगळं."

"ऐकलं होतं तुमी?"

"नाही."

"मग?"

"सीमा फिरली ती माझ्यामुळे. आई नाही. कोणीतरी पाहिजे ना तुझ्या बाजूने."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला सत्यशीला दिसली. "वो लोग भी यही कर रहे हैं, बाबा. जे झालं नाही ते सांगून राहिले. हवालदाराने दोन जणांना उभं केलं आहे, तो त्या संध्याकाळी गेटवर होता म्हणून. तुमी पण तसंच बोलणार तर मग फरक काय राहिला?"

मी म्हणालो, मग मी काय करू.

"माहीत नाही मले," ती म्हणाली. कडी लावल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने कडी उघडली आणि ती बाहेर येऊन कपडे वाळत घालायला लागली. मी तिला चिमटे देत राहिलो.

२५ नोव्हेंबर

दुर्गला दौलतरावांकडे गेलो. ते अंगणात खाटेवर पेपर वाचत बसले होते.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी जे म्हणालो ते चूक होतं. तो होकार माझा नव्हताच द्यायचा. तुम्ही तुमच्या माणसाला कळवा."

"आता?" दौलतराव म्हणाले. "जवाईबापू, हा काय भाजीबाजार आहे? सकाळी घेतली, संध्याकाळी वापस?"

"गुंजनने केस मागे घेतलेली नाही. ती घेणार नाही."

"पोरीच्या तालावर नाचून राहिले तुमी."

"नाचतो," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. दौलतरावांनी पेपर खाली ठेवला.

मग ते बराच वेळ फौजेबद्दल बोलले. एका खराब माणसामुळे सगळ्यांचं नाव जातं. पलटणीतली गोष्ट पलटणीत राहिली पाहिजे. त्यांच्या वेळी असं काही नव्हतं. मी म्हणालो, तुमच्या वेळी तिथे पोरी नव्हत्या. हे गुंजनचंच म्हणणं होतं, पण मला दुसरं सुचलं नाही.

"सत्यशीला असती तर तिने पोरीले समजावलं असतं," ते म्हणाले.

"सत्यशीलाला माहीत होतं. तक्रार कर म्हणून तिनेच सांगितलं."

ते खाटेवर सरळ बसले. "मले नाही बोलली ती. मी दवाखान्यात तिच्याकडे रोज येत होतो. रोज डबा आणत होतो."

"मलाही नाही बोलली."

वहिनींनी पाणी आणलं, ते आम्ही खाटेच्या दोन टोकांना बसून प्यायलो. निघताना दौलतराव उठले नाहीत, पण म्हणाले, "समितीत माझं नाव नका घेऊ. मी कोणाले फोन केला असं मी म्हणणार नाही." आवाज कडक नव्हता. मला वाटतं ते घाबरले होते. त्यांना असं घाबरलेलं मी कधी बघितलं नाही.

२७ नोव्हेंबर

आज चहा पिताना मी गुंजनला विचारलं. आधी दोन दिवस मनात वाक्य जुळवत होतो. म्हणालो, "मी ऐकलं नाही ते सांगणार नाही. पण केलं ते सांगू शकतो. की मला मधे घालून केस मागे घ्यायला लावायचा प्रयत्न झाला. कोणी निरोप आणला, मी काय बोललो, तुला न विचारता बोललो. हे समितीला सांगू का? तू नाही म्हणालीस तर नाही."

तिने विचारलं, मामाजींचं नाव येईल ना?

"येईल."

"लोक तुमाले हसतील, बाबा. समाजात पण."

"हसू दे."

"मले विचार करू द्या," ती म्हणाली. आणि मी तिला विचार करू दिला. संध्याकाळपर्यंत एकदाही विषय काढला नाही, हे मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं.

रात्री जेवताना म्हणाली, "समितीच्या मॅडमला फोन केला. म्हणाल्या, पिताजी आ सकते हैं. चलो."

३० नोव्हेंबर

मैदानावर पळणारी एक पोरगी, पायल, तिच्या आईला घेऊन आज घरी आली. गुंजन त्या दिवशी जे बोलली होती ते तिने आईला सांगितलं होतं. आई घाबरली होती. बोलता बोलता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

गुंजनने तिला सगळं नीट सांगितलं. तक्रार कुठे करायची, तीन महिन्यांच्या आत करायची, मेसेज असतील तर पुसून टाकायचे नाहीत, ज्या दिवशी होईल त्याच दिवशी कोणा एकाला तरी सांगायचं. तिने स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. त्या बाईला मात्र ते कळलं असावं, कारण तिने गुंजनच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंग पाठवू का नको पाठवू, बाई?" तिने विचारलं.

"पाठवा ना. पण सांगून पाठवा."

पायल म्हणाली, "दीदी, सोळाशे मीटरमध्ये शेवटी दम तुटून राहिला माझा."

"पहिल्या चक्करमध्येच का पळते गाढवासारखी?" गुंजन म्हणाली, आणि दोघी हसल्या. आई गेल्यापासून तिला असं हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. दोघी बाहेर रस्त्यावर जाऊन पळून दाखवत होत्या.

३ डिसेंबर

दुर्गहून गाडी धरली. गुंजनची सुट्टीही संपते आहे, ती तिथेच राहील, मी परत येईन. सिंधुताईने तिळाची चटणी बांधून दिली. ती म्हणाली, दौलतराव तिला फोन करून विचारत होते की तुमचा भाऊ हिरालाल खरंच चालला काय.

खिडकीतून बाहेर बघत गुंजन म्हणाली, "मले पक्कं नाही केलं तर?"

मी म्हणालो, "घरी येशील."

"घरी येऊन काय करू?"

मी चटणीची पुडी सोडून तिच्यापुढे धरली.

५ डिसेंबर

छावणीतल्या गेस्ट रूममध्ये बसून लिहितो आहे. झोप येणार नाही.

सकाळी गुंजनचं बयान झालं. ती पूर्ण वर्दीत गेली. फार वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा घसा बसला होता. मला म्हणाली, "पाणी पिऊन जा. आत गरम होतं." आणि तिला कोणीतरी ड्युटीवर घेऊन गेलं.

मग मला बोलावलं. टेबलामागे एक मोठ्या हुद्द्याच्या मॅडम, एक डॉक्टर अधिकारी, आणि बाहेरच्या संस्थेतल्या साडी नेसलेल्या एक बाई. हवालदार नव्हता. मला वाटलं होतं तो समोर असेल, आणि मी काय करीन याची मलाच भीती होती.

मॅडमनी विचारलं, मी काय सांगायला आलो आहे. मी हिंदीत सांगितलं. माझी हिंदी प्लांटची आहे, पण त्यांना समजली. कोणी निरोप आणला, विचारल्यावर मी नाव सांगितलं. सत्यशीलाच्या भावाचं नाव मी त्या खोलीत तिऱ्हाईतांसमोर घेतलं. ते लिहून घेतलं जात होतं तेव्हा पेनचा आवाज येत होता.

"आपने हाँ क्यों कहा?" साडीवाल्या बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "पत्नी को गए थोड़े ही दिन हुए थे. मुझे लगा, घर में एक दुख बहुत है, दूसरा दरवाज़े से ही लौटा दूँ."

"और बेटी से पूछा नहीं?"

"नहीं पूछा."

"आज यहाँ आने के लिए उसने कहा?"

"नहीं मैडम. आज उससे पूछकर आया हूँ."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं, मी सही केली. बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला वर्दीतली एक मुलगी बसली होती. गुंजनपेक्षा बारीक, गुंजनपेक्षा लहान वाटणारी. छातीवर नावाची पट्टी होती. मी नाव वाचलं. सीमा. फोनवर नाही म्हणाली होती तरी समितीने तिला बोलावलं होतं, माझ्यानंतर तिचाच नंबर होता.

तिने मला ओळखलं. गुंजनने फोटो दाखवला असेल. मला तिला म्हणायचं होतं, बेटा, जे बघितलं ते सांग. पण मी आता कोणाच्या वतीने काही बोलत नाही.

शेवटी तीच बोलली, हळू आवाजात, माझ्याकडे न बघता.

"अंकल, पहले फ़ोन पर कुछ और बोल दिया हो, तो अंदर जाकर बदल सकते हैं क्या?"

मी म्हणालो, "मैं वही करके आ रहा हूँ, बेटा."

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, टोपी सरळ केली, आणि आत गेली.